पोर्तोची हवा

सुलभानं तापलेल्या तेलात मोहरी टाकली आणि कोपऱ्यातला एअर प्युरिफायर खवळून उठला. अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या त्या टाउनहाउसमध्ये हे रोजचंच होतं. यंत्रं बदलून पाहिली, पण एकाही यंत्राला आपल्या स्वयंपाकाची सवय झाली नाही. फोडणी पडली की ते घोंघावायचं, त्याच्या कपाळावरचा निळा दिवा लाल व्हायचा, आणि सुलभा उलथनं उगारून त्याला म्हणायची, "गप रे मेल्या." पुरुषोत्तम टेबलाशी बसून फोनवर पोर्तोची हवा बघत होता. हेही रोजचंच. नकाशावरचा पोर्तोचा ठिपका हिरवा होता. त्यानं ठिपक्यावर बोट ठेवून आलेख उघडला तेव्हा सपाट रेघेतून उठलेली एक टेकडी त्याला दिसली. सरळ उभी चढलेली, वर जराशी थांबलेली, मग सावकाश उतरत गेलेली. अशा टेकड्या त्यानं आधीही पाहिल्या होत्या, आणि शेजारीपाजारी कुणी चूल पेटवत असेल म्हणून सोडून दिल्या होत्या. आज मात्र त्याची नजर फोनवरून त्या लाल दिव्याकडे गेली, तिथून परत फोनवर आली, आणि त्याच्या मनात पाल चुकचुकली. ही फोडणी आहे, त्याला वाटलं. पोर्तोच्या हवेत कुणीतरी फोडणी घातलेली आहे.

पोर्तो म्हणजे पोर्तो सेरेनो. नकाशा बोटांनी बराच मोठा करत गेलं की अमेझॉनच्या जंगलात, एका तांबूस नदीच्या वळणावर ते गाव सापडतं. नदीच्या अलीकडे ब्राझील, पलीकडे बोलिव्हिया, मधे एक पूल. लोक सकाळी पूल ओलांडून परदेशात साबण आणायला जातात आणि जेवायला स्वदेशी परततात. वर्षातले कितीतरी महिने तिथे नुसता पाऊस, हवा धुऊन वाळत घातलेल्या धोतरासारखी लख्ख. ऑगस्ट उजाडला की पाऊस पाठ फिरवतो, गुरांच्या कुरणांसाठी तोडलेलं रान दोन्ही काठांवर पेटवलं जातं, आणि तो धूर नदीच्या खोऱ्यात येऊन बसतो तो पुढचा पाऊस येईपर्यंत उठत नाही. अशा गावात पुरुषोत्तमची एकुलती एक मुलगी चैत्राली, लहानपणापासून दम्याची, पीएचडीच्या कामासाठी गेली होती. आणि काम काय, तर धुराचंच. तिथल्या सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीची हवा धुराच्या दिवसांत स्वच्छ कशी ठेवता येईल, हे बघायचं. साध्या पंख्याला चारी बाजूंनी फिल्टर चिकटवून तिनं एक पेटी बनवली होती आणि त्या पेटीचे फोटो ती बापाला पाठवायची. पुरुषोत्तम ते फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवायचा आणि घरी येऊन डोकं धरून बसायचा. शेवटी बापलेकीत एक करार झाला होता. त्यानं घेऊन दिलेला हवा मोजायचा सेन्सर तिनं खोलीच्या बाहेर, पागोळीखाली टांगायचा, त्याला तो इथून नकाशावर दिसायला हवा, आणि धुराचा आकडा आठवडाभर दीडशेच्या वर राहिला की कुणाचं काही न ऐकता बॅग भरायची. चैत्रालीनं हसून "डील" म्हटलं होतं. त्यानंतर ऑगस्ट गेला, सप्टेंबर निम्मा सरला, आणि ठिपका हिरवाच होता. यंदा रान कमी पेटलंय, असं तो मंडळाच्या गणपतीत भेटेल त्याला सांगत होता.

खरं म्हणजे त्याचा धंदाच हवेचा. रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या एका औषधांच्या कारखान्यात इंजेक्शनच्या बाटल्या जिथे भरतात त्या निर्जंतुक खोल्यांची हवा मोजायची, आणि ती स्वच्छ आहे असं सही करून सांगायचं, हे त्याचं काम. हवेतला कण डोळ्याला दिसत नाही, त्याची रेघ दिसते. खोलीत माणूस शिरला की रेघ कशी उठते, फिल्टर म्हातारा झाला की कशी चोरपावलांनी वर सरकते, हे त्याला शेजाऱ्याच्या चालीसारखं ओळखू यायचं. आता तीच ओळख अंगावर आली. बाहेरच्या हवेची रेघ अशी नसते. बाहेरची हवा दिवसाबरोबर बदलते, उन्हानं हलते, संध्याकाळी जड होते. ही रेघ तळाशी गाढ झोपलेली, आणि मधेच एक फोडणी. उतरण लांबलचक, म्हणजे खिडक्या बंद. तळ इतका खाली, म्हणजे खोलीत फिल्टर चालू. सेन्सर बाहेर नव्हताच. पोरीनं तो काढून घरात, शेगडीजवळ कुठेतरी ठेवला होता, आणि पुरुषोत्तम रोज सकाळी उठून तिच्या स्वयंपाकघराची हवा बघून समाधानानं चहा पीत होता.

"पोर्तो हिरवं आहे ना हो?" सुलभानं ओट्याकडे तोंड करूनच विचारलं.

"हिरवं आहे," तो म्हणाला.

"मग झालं तर. पानं घेते."

तो जेवला. दुधीची भाजी होती, ती चांगली झाली आहे असंही म्हणाला. पण घास तोंडात फिरत राहिला. सुलभाला सांगावं असं त्याच्या मनात आलं आणि गेलं. तिला सांगितलं तर ती रात्रंदिवस फोनला चिकटून बसेल, उपास धरेल, आणि तिचं रक्तदाब मोजायचं यंत्र परत माळ्यावरून खाली येईल. हे ओझं आपलं आपण उचलावं असं त्यानं ठरवलं, आणि ठरवल्यावर ते दुप्पट जड झालं. जेवण होताच तो फिरायला म्हणून बाहेर पडला. तळ्याकाठच्या पायवाटेवर रविवारची गर्दी होती, सायकलींवरची पोरं, कुत्र्यांना ओढणारी माणसं, कुत्र्यांनी ओढलेली माणसं. आभाळ असं निळं की त्याला ते निर्लज्ज वाटलं. त्यानं बाकावर बसून फोनवर उपग्रहाची चित्रं उघडली. हे त्याला केव्हाही करता आलं असतं, पण हिरवा ठिपका समोर असताना आकाशातून कोण बघायला जातो. नदीचं खोरं दिसतच नव्हतं. त्या जागी एक मातकट, तपकिरी साय धरलेली होती, खालच्या पूल-बीलाचा, गावाचा, दोन देशांचा पत्ताच नव्हता. त्या सायीखाली कुठेतरी ती होती. रोज खोलीतून दवाखान्यापर्यंत चालत जात होती, आणि तेवढं चालताना श्वास तर घेतच असणार. माणूस किती वेळ श्वास रोखून चालू शकतो, असा प्रश्न त्याच्या मनात आला. त्यानं बसल्याबसल्या श्वास रोखून पाहिला, आणि पुढून येणाऱ्या बाईनं घाबरून "आर यू ओके, सर?" विचारल्यावर तो ओशाळून उठला.

कॅरीची हवा चांगली म्हणून तर ते इथे आले होते. निदान तो तसं सांगायचा. नोकरी इथे मिळाली हे खरं कारण तो नंतर सांगायचा. पण इथेही वसंतात पाइनचा पराग उडतो, गाड्या, अंगण, सगळं हळदीच्या हातानं पुसल्यासारखं पिवळं होतं. लहानगी चैत्राली गाडीच्या काचेवरच्या त्या पिवळ्या थरात बोटानं स्वतःचं नाव लिहायची. तिच्या नावातलं एखादं अक्षर संपेपर्यंत तिला धाप लागायची, आणि तरी नाव पुरं केल्याशिवाय ती घरात यायची नाही. सुलभा दारातून ओरडायची, तो खांद्यावर टाकून तिला आत आणायचा, नेब्युलायझरचा मास्क नाकाला लावायचा, आणि त्या वाफेच्या घरघरीत ती मास्कमधूनच त्याच्याशी भांडायची की माझा काना राहिला. तेव्हापासून तो हवेवर डोळ्यांत तेल घालून बसलेला. परागाचा आकडा बघून शाळेच्या सहली रद्द केल्या, गालिचे काढले, मांजर नाकारलं, घरात उदबत्ती बंद केली. सुलभानं देवापुढे विजेची समई लावली ती त्याच्यासाठी. एवढं सगळं करून पोरगी कुठे गेली, तर जिथे सूर्यही धुरातून तांबड्या टिकलीएवढा दिसतो तिथे. कधीकधी त्याला वाटायचं, आपण तिला हवेपासून इतकं जपलं की तिला हवेशिवाय दुसरं काही सुचलंच नाही. तिचा त्याला अभिमान वाटायचा. रागही यायचा, आणि अभिमान कुठे संपतो नि राग कुठे सुरू होतो ते त्याला कळत नसे.

पण आज जे टोचत होतं ते वेगळं होतं. तिनं फसवलं, हे नव्हे, मुलं फसवतात. आपल्याला पुन्हा बाहेर ठेवलं, हे टोचत होतं. त्याचे वडील हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा मिशीवर, भुवयांवर कापसाचा तंतू बसलेला असायचा, आणि आई त्यांना अंगणातच झटकून मग घरात घ्यायची. त्या तंतूनं पुढे त्यांची छाती धरली. पुरुषोत्तम तेव्हा नुकताच अमेरिकेत आलेला, व्हिसाच्या नूतनीकरणात अडकलेला. दर रविवारी फोन व्हायचा. "कसे आहात बाबा?" "मजेत. तू तुझं बघ." आवाज जरासा खोल वाटायचा, पण लाइन तशीच असेल म्हणून तो सोडून द्यायचा. सगळं संपल्यावर तो पोचला. तेव्हा धाकट्या भावानं रडत रडत सांगितलं की ऑक्सिजनचा मास्क बोलण्यापुरता काढायचो, मग लगेच लावायचो. तुला कशाला इतक्या लांब घोर म्हणून ते सांगू द्यायचे नाहीत. सगळ्या गल्लीला माहीत होतं. दूधवाल्याला माहीत होतं. फक्त त्याला माहीत नव्हतं. लांब गेलेल्या माणसाला घरचे लोक प्रेमानं असं हळूहळू परकं करतात, आणि त्याला तक्रारही करता येत नाही, कारण प्रेमच ते. त्याला वाटायचं, ते तिकडचं होतं, त्या काळचं होतं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पोरीकडून हे परत होईल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

संध्याकाळी चैत्रालीचा ठरलेला फोन आला तेव्हा तो मुद्दाम इकडचंतिकडचं बोलला. "हवा काय म्हणते?" एवढं मात्र विचारलंच. ती म्हणाली, "ऑल गुड, बाबा. तू बघतोसच ना मॅपवर." इतक्या सहज म्हणाली की त्याला क्षणभर आपलाच संशय आला. मग ती म्हणाली की दवाखान्यातली पेटी मस्त चालतेय, नर्सनं तिचं बारसं केलंय. तो हसला. ती हसायला लागली आणि मधेच थांबली, फोन तोंडापासून लांब गेल्यासारखं वाटलं, मग म्हणाली, "ओके, लव्ह यू, आईला दे." सुलभानं फोन घेतला आणि दोन मिनिटांत ठेवलासुद्धा. "काय मेली ही पोरगी, बोलतच नाही आठवडा आठवडा," असं ती कुरकुरत झोपायला गेली. पुरुषोत्तमला तिची दया आली.

सोमवारी कारखान्यात त्याचं कामात लक्ष लागेना. दुपार कलायच्या आधीच त्यानं पोर्तोच्या सेन्सरची गेल्या काही आठवड्यांची नोंद संगणकावर उतरवून घेतली. फोडणीची खात्री करायची तर नमुना हवा, आणि नमुना म्हणून त्यानं स्वतःच्या घरच्या प्युरिफायरची नोंद उघडली. सवयीनं दोन्ही रेघा एकाखाली एक लावल्या, वेळा जुळवल्या, कारण तिकडचं घड्याळ इथल्याहून मागं. आणि मग तो खुर्चीत मागं रेलला. घरच्या रेघेवर रोज दुपारी, तो ऑफिसात असताना, एक टेकडी होती. तिच्या बरोबर खाली पोर्तोच्या रेघेवर एक टेकडी होती. रोज. ज्या दिवशी इकडे नव्हती, त्या दिवशी तिकडेही नव्हती. शेजारच्या टेबलावरचा ऋषी, मूळचा पुण्याचा, कॉफी घेऊन मागं येऊन उभा राहिला होता ते त्याला कळलंच नाही.

"काका, ह्या दोन रूम्स एकाच एअर हँडलरवर आहेत का?" ऋषीनं विचारलं. "काय सिंक आहे यार. एकीकडे स्पाइक, की दुसरीकडे स्पाइक."

"नाही," पुरुषोत्तम म्हणाला. "खूप लांब आहेत एकमेकींपासून."

"मग कुठेतरी लीक आहे, सांगतो तुम्हाला. चेक करा."

तो गेला. पुरुषोत्तम त्या जोड-टेकड्यांकडे बघत राहिला. आठवडा आठवडा न बोलणाऱ्या मायलेकी रोज दुपारी एकाच वेळी तेलात मोहरी टाकत होत्या. म्हणजे सुलभाला माहीत होतं. कालही, ओट्याकडे तोंड करून, "हिरवं आहे ना हो" विचारताना माहीत होतं. आपल्याला जिची दया येत होती तिला आपलीच दया येत होती. त्याचे कान तापले. त्यानं एक ईमेल उघडली आणि चैत्रालीच्या प्राध्यापकाचं नाव वर घातलं. प्राध्यापकाचा फोन नंबरही त्याच्याकडे होता. गेल्या वर्षी तिच्या एम.एस.च्या पदवीदान समारंभात हात मिळवताना त्यानं तो मागून घेतला होता, आपल्याकडे गाइडशी संबंध ठेवावेत या हिशेबानं, आणि चैत्राली शरमेनं लांब जाऊन उभी राहिली होती. माझ्या मुलीला दमा आहे, त्यानं लिहिलं. तिनं तो तुम्हाला सांगितला नसावा. हे लिहिताना त्याला जाणवलं की हे पत्र पोचलं की तासाभरात पोर्तोचं काम बंद होईल, पोरगी सुखरूप घरी येईल, आणि पुन्हा कधीही आपल्याला काही सांगणार नाही. त्यानं ते पाठवलं नाही. पुसलंही नाही. संगणक तसाच ठेवून, बरं वाटत नाही असं सांगून तो गाडीत बसला. हायवेवर दुपारची गर्दी नव्हती, तरी तो उजव्या, सावकाश गाड्यांच्या लेनमधून म्हाताऱ्यासारखा चालवत राहिला, कारण घरी पोचून काय म्हणायचं ते त्याला ठरवता येत नव्हतं. चिडायचं तर कुणावर? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, असं सुनवावं असं एकदा वाटलं, मग त्याला आपल्याच शहाणपणाचा कंटाळा आला.

गराजच्या दारातून तो आत शिरला तेव्हा प्युरिफायर घोंघावत होता, त्यामुळे दोघींनाही चाहूल लागली नाही. सुलभानं फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. पडद्यावर एक छोटी कढई आणि चैत्रालीचा हात दिसत होता. "अगं तेल तापू दे, घाई करू नकोस," सुलभा म्हणत होती. "मोहरी तडतडली की मग हिंग." "आई, इट्स बर्निंग." "जळत नाही काही. डाळ आहे का शिजलेली? घाल आता." दोघी हसल्या. सुलभाचा असा आवाज त्यानं कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. ती एखाद्या मैत्रिणीशी बोलावं तशी बोलत होती, आणि धुराचं कुणीच काही बोलत नव्हतं. तो क्षणभर तिथेच थांबला. मागच्या पावली परत जावं, गाडी काढावी, संध्याकाळी नेहमीसारखं यावं, असंही त्याला वाटलं. मग सुलभानं मान वळवली.

"अहो," ती म्हणाली, आणि तिच्या हातून झाकण पडलं.

"सेन्सर घरात आहे," तो म्हणाला. "किती दिवस झाले?"

पडद्यावरचा हात थांबला, मग गॅस बंद केल्याचा आवाज आला, आणि चैत्रालीचा चेहरा समोर आला. वाळला होता. डोळे लाल होते. धुरानं होतात तसे.

"मीच सांगितलं तिला आत ठेवायला," सुलभा म्हणाली. "तिनं विचारलं होतं, आई काय करू, आकडा वर चाललाय, बाबा परत बोलावतील. मी म्हटलं ठेव आत. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही त्या प्रोफेसरला फोन केला असता. नाही म्हणा."

ऑफिसात उघडं राहिलेलं पत्र त्याला आठवलं.

"बाबा, आय वॉज गोइंग टू टेल यू," चैत्राली म्हणाली. "प्रॉमिस. पण दवाखान्यात आत्ता खोली भरलेली आहे. प्रीमॅच्युअर बाळं आहेत, इतकीशी. बाहेर तीनशेच्या वर आहे, आणि त्या खोलीत पंधरा. पंधरा, बाबा. फिल्टर काळे होतात, रोज बदलावे लागतात. मी निघाले तर ते कोण करणार?"

"तू कुठे झोपतेस?"

"इथेच. माझ्या खोलीत पण पेटी आहे. मी बाहेर फारशी जातच नाही. मास्क लावते. आईला विचार."

"रोज विचारते मी," सुलभा म्हणाली. "घरात असते ती. ठणठणीत आहे. मी काय आंधळी आहे का, रोज बघते तिला."

त्यानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. भांडायचं ते सगळं गाडीतच राहिलं होतं. तीनशे हा आकडा ऐकल्यावर आपण ओरडू असं त्याला वाटलं होतं, पण त्या आकड्यानं त्याला काहीच झालं नाही. दुसरा आकडा मात्र त्यानं मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिला. पंधरा. पंखा आणि चिकटपट्टीवर. त्याच्या कारखान्यात एवढ्यासाठी भिंतीएवढी यंत्रं लागतात. त्यानं डब्याला टेकवलेला फोन उचलला, स्पीकर बंद केला, आणि डेकचं सरकतं दार उघडून बाहेर गेला.

"चैतू, व्हिडिओ बंद कर."

"का?"

"कर. आता फोन तोंडाजवळ धर, आणि मोठा श्वास घे."

"बाबा, धिस इज सिली."

"असू दे. घे."

डेकच्या कठड्यावर शेजाऱ्यांची खार येऊन बसली होती, ती त्याच्याकडे बघत होती. मग श्वास आला. आत जाताना नुसता वारा. बाहेर येताना, अगदी शेवटी, बारीक शिट्टी. ती ओळखायला मशीन लागत नाही, आकडा लागत नाही. "पुन्हा," तो म्हणाला. तिनं पुन्हा घेतला. शिट्टी या वेळी जरा लवकर सुरू झाली आणि संपता संपेना. तो डोळे मिटून ऐकत राहिला. त्यानं ऐकलंय हे तिला माहीत होतं.

मागं दार सरकलं. सुलभा पदराऐवजी ओढणीला हात पुसत उंबऱ्यात उभी होती. "काय म्हणतेय? कसा आहे श्वास?" तिनं विचारलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर त्याला सगळं एकदम कळलं. तिला माहीत नव्हतं. सेन्सर आत आहे एवढंच तिला माहीत होतं, पोरगी घरात आहे म्हणजे ठीक आहे, या भरवशावर ती इतके दिवस रोज फोडण्या शिकवत होती. तिनं त्याला अंधारात ठेवलं होतं, आणि पोरीनं तिला. रोज कढईपुढे उभं राहायचं तेवढा वेळ पोरगी श्वास सांभाळून उभी राहत असणार. आता एक शब्द बोलला की सुलभा तिथेच खाली बसेल, ईमेल जाईल, आणि उद्या परवा पोरीला कुणीतरी धरून विमानात बसवेल. शब्द त्याच्या तोंडात आला होता. आयुष्यात एकदाही त्यानं हवेबद्दल खोटी सही केली नव्हती.

"स्वच्छ आहे," तो म्हणाला. "एकदम स्वच्छ."

सुलभाच्या खांद्यांतलं काहीतरी सैल झालं. "म्हटलं नव्हतं मी," असं पुटपुटत ती आत वळली. मग चैत्रालीनं इतका वेळ धरून ठेवलेला खोकला सोडला. तो थांबेना. एक उबळ ओसरायच्या आत दुसरी येत होती, मधे ती श्वास ओढत होती, पुन्हा खोकत होती, आणि लपवत नव्हती. त्यानं फोन कानावर घट्ट दाबून धरला, आत सुलभाला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि उन्हात उभा राहून तो सगळा खोकला शेवटपर्यंत ऐकला. थांबल्यावर ती बसक्या आवाजात म्हणाली, "नर्सला मी फिल्टर बदलायला शिकवते." मग जरा वेळानं, लहान होऊन म्हणाली, "बाबा, तिकीट बघतोस का?"